गाडी उभी राहिली की बंद का पडते?

वाळवे तालुक्यातील एक शेतकरी. गावात त्यांना सारे मामा म्हणतात. दोन म्हशी आणि थोडा ऊस, एवढ्यावर त्यांचा संसार. दिवाळीनंतर त्यांनी एक जुनी मोटारसायकल घेतली. शंभर सी.सी.ची, दहा वर्षे वापरलेली. पहाटे दुधाच्या किटल्या अडकवून डेअरीला जायला ती बरी पडेल, असा त्यांचा हिशेब.

गाडी पळत होती चांगली. पण उभी असताना इंजिन फार मोठ्याने गरजे. पेट्रोलही जास्त जाई. म्हणून मामांनी एका गॅरेजात स्लोचा स्क्रू कमी करून घेतला. त्या दिवसापासून नवेच दुखणे लागले. मूठ सोडली की इंजिन दोनदा अडखळे आणि बंद पडे. एकदा पेठ नाक्यावर वळण घेताना गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडली. समोरून ट्रक आला. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला म्हणून मामा वाचले. दूध मात्र सगळे सांडले.

गॅरेजवाला म्हणाला, "इंजिन गेलं. बोअर करावं लागंल." खर्च ऐकून मामांनी एक शेळी विकायचे ठरवले. तेवढ्यात त्यांचा भाचा घरी आला. तो कराडला गॅरेजात काम शिकतो.

"मामा, शेळी राहू द्या गोठ्यात. आधी गाडी बघू."

"बघ बाबा. पर इंजिनच गेलंय म्हणत्यात."

"सायलेन्सरातनं निळा धूर येतो का? किक मारताना पाय मोकळाच खाली जातो का?"

"न्हाय. किक चांगली घट लागती."

"मग इंजिनाला एवढ्यात नावं ठेवू नका."

इंजिन म्हणजे चूलच

भाच्याने मामांना चुलीजवळ नेले. चुलीला काय लागते? जळण, हवा आणि विस्तव. इंजिनालाही तेच लागते. जळण म्हणजे पेट्रोल. हवा फिल्टरातून येते. विस्तव म्हणजे प्लगची ठिणगी. याशिवाय इंजिनात एक गोष्ट जास्त असते. पेट्रोल आणि हवा दाबून मग पेटवतात. हा दाब गेला, तर मात्र इंजिन खोलावे लागते.

चूल भडकलेली असताना थोडे ओले लाकूड घातले तरी ती विझत नाही. पण मंद जाळावर तेच लाकूड चूल विझवते. गाडीचेही तसेच आहे. मूठ पिळलेली असते, तेव्हा पेट्रोल मोठ्या वाटेने येते. मूठ सोडली की ती वाट बंद होते. मग कार्बोरेटरमधल्या एका पितळी तुकड्याच्या बारीक भोकातूनच पेट्रोल येते. या तुकड्याला स्लो जेट म्हणतात. त्याचे भोक सुईच्या टोकासारखे बारीक. त्यात कणभर घाण बसली, तरी मंद जाळ विझतो.

सोप्यापासून सुरुवात

भाच्याने आधी हातात पानाही घेतला नाही. त्याने एकेक गोष्ट तपासली.

१. मुठीची केबल. गाडी चालू करून हँडल डावी-उजवीकडे फिरवले. आवाज वरखाली झाला असता, तर केबल ताणलेली समजायची. तसे झाले नाही.

२. हवेचा फिल्टर. उसाच्या हंगामात रस्त्यावर धुरळा फार. फिल्टर चोंदला की हवा कमी येते आणि पेट्रोल जास्त होते. मामांचा फिल्टर थोडा मळला होता. तो स्पंजाचा होता. साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, किंचित तेल लावून परत बसवला. कागदी फिल्टर कधी धुवू नये. तो बदलावा.

३. प्लग. इंजिन गार झाल्यावर प्लग काढला. टोक विटकरी रंगाचे असले, तर जाळ नीट आहे. कोरडी काजळी असली, तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. तेलकट ओले असले, तर इंजिनात तेल चढते. पांढरट असले, तर पेट्रोल कमी पडते. मामांचा प्लग पांढरट निघाला.

४. चोक. प्लग बसवून गाडी पुन्हा सुरू केली. ती बंद पडायला लागताच भाच्याने चोक अर्धा ओढला. इंजिन सावरले! चोकने हवा कमी होते. हवा कमी केल्यावर इंजिन टिकते, याचा अर्थ हवा जास्त आहे, नाहीतर पेट्रोल कमी आहे.

"म्हंजे रोग सापडला की रं!" मामा म्हणाले.

"रोगाची गल्ली सापडली, मामा. घर अजून शोधायचंय."

कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या जोडावर चीर पडली, की चोरवाटेने हवा शिरते. भाच्याने तो जोड नीट पाहिला. चीर नव्हती. मग त्याने पेट्रोलचा कॉक बंद केला. कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतले. तळाला पाणी आणि पिवळा गाळ दिसला.

"गाडी घेण्याआधी उभी होती का?"

"व्हय. सगळा पावसाळा अंगणात हुती."

हेच कारण. पावसाचे पाणी टाकीत शिरले होते. आज पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. आपल्याकडील साखर कारखान्यांत ते मळीपासून होते. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि दोन्ही मिळून तळाला बसतात. शिवाय बरेच दिवस पडून राहिलेले पेट्रोल चिकट होते. भाच्याने टाकी रिकामी करून धुतली. स्लो जेट काढून हवा मारली. भोकात तार घातली नाही. तारेने भोक मोठे होते आणि जेट वाया जातो.

स्क्रू सगळ्यात शेवटी

इंजिन दहा मिनिटे तापू दिले. मग स्लोचा स्क्रू लावला. अशा गाडीचे इंजिन उभे असताना मिनिटाला सुमारे १४०० फेरे घेते. गाडी संथ, एकसारखी चालू राहिली.

मामा म्हणाले, "मग आधी ती गरजत का हुती?"

"विकणाऱ्यानं स्क्रू चढवून ठेवला होता. रोग झाकला होता, मामा."

जुनी गाडी घेताना म्हणूनच इंजिन तापू द्यावे, मूठ सोडावी आणि कान देऊन ऐकावे.

शेळी गोठ्यातच राहिली.

ध्यानात ठेवा

● पेट्रोलचे काम उघड्यावर करावे. जवळ विडी, कंदील किंवा चूल नसावी.

● बंद खोलीत किंवा गोठ्यात इंजिन चालू ठेवू नये. त्याच्या धुरातील विषारी वायूला रंग नाही, वास नाही. माणूस बसल्या जागी मरतो.

● एका वेळी एकच गोष्ट बदलावी. म्हणजे कशाने गुण आला ते कळते.

● एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक नव्या गाड्यांत असा कार्बोरेटर नाही. त्या जाणत्या मिस्त्रीलाच दाखवाव्यात.

सांगा पाहू

१. मूठ पिळल्यावर चालणारी गाडी मूठ सोडताच बंद का पडते?

२. चोक ओढल्यावर इंजिन सावरले, यावरून काय कळले?

३. मामांनी पहिल्याच दिवशी स्क्रूला हात लावण्याआधी काय पाहायला हवे होते?