जेऊरचा चाळीस फुटी कॅमेरा आणि तळणीचं लहानसं भिंग

"मावशी, लक्सरला जायचं म्हणजे सहाशे मिलिमीटरची लेन्स लागणारच ना?" विजयदुर्गाच्या तटावरून चालता चालता भाच्याने विचारलं.

2 ऑगस्ट 2027 चं खग्रास सूर्यग्रहण इजिप्तमधल्या लक्सरहून पाहायचं, असं त्याने मनावर घेतलं होतं. लग्नसमारंभांचे फोटो काढून त्याचा हात चांगला बसला आहे, पण सूर्यावर त्याने कॅमेरा कधी रोखलेला नाही. मावशी भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, आणि ग्रहण म्हटलं की आजही पिशवी भरून निघणारी.

"लेन्सचं नंतर बघू. आधी आपण कुठे उभे आहोत ते बघ," ती म्हणाली.

"साहेबाचे कट्टे! इथूनच इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयरने हेलियम शोधला."

"सांगतात तसं. पण 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणाच्या वेळी लॉकयर भारतात नव्हतेच. ते ग्रहण फ्रान्सच्या जान्सेन यांनी गुंटूरहून पाहिलं. लॉकयरनी त्यानंतर 20 ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, इंग्लंडमधूनच सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. त्यातली पिवळी रेषा पुढे हेलियमची ठरली. विजयदुर्गावर ते आले ते 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला."

"म्हणजे इथे काही शोध लागलाच नाही?"

"शोधाचं राहू दे, तुझ्या कामाची गोष्ट ऐक. खग्रास अवस्था होती जेमतेम दोन मिनिटांची. लॉकयरनी 'मेल्पोमीन' या ब्रिटिश युद्धनौकेवरच्या खलाशांना हाताशी धरलं. कुणी दुर्बिणीपाशी, कुणी घड्याळापाशी, कुणी कागद-पेन्सिल घेऊन सूर्याभोवतीच्या प्रभामंडलाचं चित्र काढायला. आणि ग्रहणाआधी सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा तालीम करून घेतली."

त्या जानेवारीत चंद्राची सावली कोकणातून चढून सोलापूर जिल्हा, विदर्भ असं करत बिहारकडे गेली. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं हे भाग्य आज फार थोड्यांना ठाऊक आहे, हे खरोखर वाईट वाटण्याजोगं आहे. करमाळ्याजवळच्या जेऊरला पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यंत्रं घेऊन आले होते. त्याच गावी अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल यांनी चाळीस फूट लांबीचा कॅमेरा उभारला होता, हेही मावशीने सांगितलं.

"चाळीस फूट! आणि मी सहाशे मिलिमीटरचं विचारतोय."

"मग आता विदर्भातल्या तळणीला चल. तिथे अ‍ॅनी माँडर होत्या. ग्रिनिचच्या वेधशाळेत गणनेचं काम करायच्या, 1895 मध्ये लग्न झालं आणि नोकरी सोडावी लागली. त्यांच्याजवळचं भिंग होतं दीड इंच व्यासाचं, नऊ इंच नाभीय अंतराचं. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर 230 च्या आसपास. त्या कॅमेऱ्याने प्रभामंडलाचा एक झोत टिपला. सूर्यापासून सुमारे साठ लाख मैल, म्हणजे जवळजवळ एक कोटी किलोमीटरपर्यंत पसरलेला. एवढा लांब झोत तोवर कुणाच्याच फोटोत आलेला नव्हता."

"लहान भिंगाने मोठ्यावर मात केली?"

"मात नाही रे. कामं वेगळी. सूर्याची प्रतिमा किती मोठी येईल हे काढायला नाभीय अंतराला साधारण 109 ने भाग. चाळीस फुटांना सूर्य अकरा सेंटिमीटरचा येतो, माँडरबाईंच्या काचेवर तो दोनच मिलिमीटरचा. पण कॅम्पबेल यांचं भिंग पाच इंच व्यासाचं, म्हणजे एफ 96. माँडरबाईंचं एफ 6. कडेजवळचे बारीक तपशील पहिल्याला मिळाले, दूरवरचा मंद उजेड दुसऱ्याने पकडला. आता तूच ठरव, तुला काय हवंय."

भाच्याने मनात हिशेब मांडला. सहाशेला सूर्य साडेपाच मिलिमीटरचा, आणि त्याच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरची उंची चोवीस. प्रभामंडलाचे लांब झोत आले तर कापले जाणार.

"चारशे पुरे," तो म्हणाला. "आणि एक्स्पोजर?"

"एक नाही, अनेक. 28 जुलै 1851 ला बर्कोव्स्की यांनी क्योनिग्सबर्गहून खग्रास सूर्याचा पहिला नीट फोटो काढला, तो 84 सेकंदांत. एकाच प्लेटवर जे उतरलं ते उतरलं. तुझ्याकडे ती अडचण नाही. आयएसओ 100, एफ 8 ठेव. सूर्याच्या कडेवरच्या लाल ज्वालांना सेकंदाचा हजारावा भाग पुरतो. मग शटर हळूहळू संथ करत जा, बाहेरच्या मंद झोतांसाठी अर्ध्या सेकंदापर्यंत. कॅमेऱ्याला हे ब्रॅकेटिंग आपणहून करायला सांगता येतं. रॉ फाइल, ऑटोफोकस बंद, फ्लॅश बंद. फोकस आधीच सौरडागांवर नाहीतर सूर्याच्या कडेवर लावायचा आणि वर चिकटपट्टी मारायची."

"आणि फिल्टर?"

इथे मावशीचा आवाज बदलला. "लेन्सच्या पुढे, आणि खंडग्रास चालू असेपर्यंत पूर्ण वेळ. ग्रहणाचा चष्मा घालून व्ह्यूफाइंडरमधून पाहायचं नाही, भिंगातून एकवटलेला प्रकाश चष्म्याची फिल्म जाळून डोळ्यात जातो. चष्मा आयएसओ 12312-2 मानकाचाच घे. हिऱ्याची अंगठी दिसण्याच्या जरा आधी लेन्सवरचा फिल्टर काढायचा, तेव्हाही नजर मागच्या स्क्रीनवर. डोळ्यांवरचा चष्मा मात्र सूर्याच्या कडेवरचा शेवटचा तेजस्वी मणी विझल्यावरच. पलीकडे पहिला मणी चमकला की दोन्ही परत जागच्या जागी."

"पण खग्रास पट्ट्याच्या जरा बाहेर, 99 टक्के ग्रहण दिसलं तर काय बिघडतं?"

"सगळंच. प्रभामंडल पौर्णिमेच्या चंद्राइतकंच उजळ असतं, सूर्याच्या दहा लाखाव्या भागाएवढं. उरलेला एक टक्का सूर्यसुद्धा त्याच्या दहा हजार पट झगझगीत असतो. त्या उजेडात प्रभामंडल दिसतच नाही, आणि चष्माही क्षणभर काढता येत नाही."

16 फेब्रुवारी 1980 ला कारवारच्या बाजूने खग्रास ग्रहणाची सावली देशात शिरली, तेव्हा मुंबईतले रस्ते ओस पडले होते. माणसं दारं-खिडक्या लावून बसली होती. डोळ्यांची काळजी रास्तच, पण योग्य चष्मा हातात असताना घरात बसून राहणं म्हणजे हातचं सोडणं.

लक्सरच्या अडचणी मात्र वेगळ्या आहेत. ऑगस्टचं ऊन, आणि सूर्य जवळजवळ डोक्यावर. साध्या ट्रायपॉडवर लांब लेन्स इतकी उभी धरताना ती पायांना अडते, म्हणून तिकडे जाण्याआधी घरच्या गच्चीवर भर दुपारी हे करून पाहायला हवं. सूर्य दर दोन मिनिटांनी स्वतःच्या व्यासाइतका सरकतो, त्यामुळे चौकट अधूनमधून सावरावी लागते. तिथे खग्रास सहा मिनिटांहून जास्त चालेल. मुंबईतून त्या दिवशी दिसेल ते खंडग्रासच, तेही पावसाळी ढग बाजूला झाले तर.

"व्हिडिओ घेऊ का?"

"घे की. 1898 ला बक्सरला नेव्हिल मास्कलाइन या जादूगाराने ग्रहणाचं चलच्चित्र घेतलं होतं. परतीच्या प्रवासात ती फिल्म चोरीला गेली! गडी 1900 च्या ग्रहणाला पुन्हा निघाला, या वेळी अमेरिकेत उत्तर कॅरोलायनाला. तिथली फिल्म टिकली, 2019 मध्ये दुरुस्त होऊन लोकांसमोर आली. तू फोन रुंद कोनात लावून ठेव आणि त्याच्याकडे बघूही नकोस. सहातली चार मिनिटं तुझ्या डोळ्यांची. क्षितिजावर चहूबाजूंनी संधिप्रकाश पसरतो, शुक्र दिसतो, हवा गार होते. तुझ्या चौकटीत यातलं काही मावणार नाही. बटण दाबायचं काम यंत्राला दे."

"आणि लक्सर जमलं नाही तर?"

"तर 20 मार्च 2034. तेव्हा सावली आपल्याच लडाखवरून जाणार आहे. तोवर दर पौर्णिमेला चंद्रावर आणि फिल्टर लावून सूर्यावर सराव कर."