जुन्या ट्रॅक्टरचा क्लच आणि गिअर : आधी दोष ओळखा, मग खर्च करा

ऐन हंगामात ट्रॅक्टर बंद पडला तर दुरुस्तीचा खर्च तर होतोच, शिवाय हाती आलेला वापसाही निघून जातो. क्लच बदलण्यासाठी ट्रॅक्टर मधोमध उघडावा लागतो. हे काम वेळखाऊ व खर्चिक आहे. म्हणून मिस्त्रीला बोलावण्यापूर्वी पुढील गोष्टी स्वतः तपासून पाहाव्यात. ही माहिती पायाने दाबायच्या, कोरड्या प्लेटच्या साध्या क्लचसाठी आहे.

१) पेडलची मोकळी हालचाल : इंजिन बंद करून पेडल हाताने हलकेच दाबावे. सुरुवातीला ते सैल जाते, नंतर जड लागते. हे सैल अंतर पट्टीने मोजावे. पुष्कळ ट्रॅक्टरमध्ये ते सुमारे २० ते ३० मि.मी. असते. आपल्या ट्रॅक्टरचा नेमका आकडा माहिती पुस्तिकेत पाहावा. अंतर फार कमी असल्यास क्लच घसरतो. फार जास्त असल्यास तो पूर्ण सुटत नाही. दोष एवढाच असेल तर पेडलच्या दांडीची लांबी जुळवून काम भागते.

२) क्लच घसरणे : नांगर ओढताना इंजिनचा आवाज वाढतो, पण ट्रॅक्टरचा वेग वाढत नाही आणि जळका वास येतो. खात्रीसाठी ट्रॉली सोडून ट्रॅक्टर सपाट, मोकळ्या जागेत उभा करावा. पुढे-मागे कोणी नसल्याचे पाहावे. दोन्ही ब्रेक एकत्र जोडून घट्ट लावावेत. वरचा गिअर टाकून, मध्यम थ्रॉटलवर पेडल सावकाश सोडावे. क्लच चांगला असेल तर इंजिन दबून बंद पडते. ते चालूच राहिले तर क्लच घसरतो आहे. अशा वेळी पेडल लगेच दाबावे व ही चाचणी पुन्हा पुन्हा करू नये.

क्लचच्या कवचाखाली छोटे छिद्र असते. त्यातून तेल ठिबकत असेल तर इंजिनचे किंवा गिअर बॉक्सचे सील गेले आहे असे समजावे. एका शेतकऱ्याने सील तसेच ठेवून फक्त नवी प्लेट बसवली. तीही तेलाने भिजली आणि ट्रॅक्टर दुसऱ्यांदा उघडावा लागला. म्हणून आधी सील बदलावे, मग प्लेट.

३) गिअर करकरणे : इंजिन बंद असताना गिअर सहज पडतो, पण चालू असताना करकरतो, तर क्लच नीट सुटत नाही. पावसाळ्यात बरेच दिवस उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरची प्लेट गंजून चिकटलेलीही असू शकते. इंजिन बंद असतानाही गिअर अडत असेल तर दोष गिअर बॉक्समध्ये किंवा लिव्हरमध्ये शोधावा.

४) आवाज : न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवावे. पेडल दाबताच घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंगवर संशय घ्यावा. पेडल वर असताना आवाज येतो व पूर्ण दाबल्यावर थांबतो, तर गिअर बॉक्समधील बेअरिंग तपासून घ्यावे.

५) गिअर ऑईल : सपाट जागी, इंजिन बंद करून पातळी पाहावी. ऑईल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे. भात खाचरात चिखलणी केल्यावर हे आवर्जून पाहावे. लिव्हरचे रबर फाटले असल्यास तेथूनही पावसाचे पाणी आत जाते. रबर बदलून ऑईलही बदलावे. काढलेल्या ऑईलमध्ये धातूचे तुकडे सापडल्यास ट्रॅक्टर पुढे चालवू नये.

जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्यामुळे क्लचची धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

शेवटी सवयीबद्दल. चालवताना पाय पेडलवर टेकवून ठेवू नये. भरलेली ट्रॉली घेऊन उतरताना क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये कधीही जाऊ नये. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. इंजिनचा रोध सुटला तर जुने ब्रेक उसाची ट्रॉली आवरू शकणार नाहीत. क्लच पुन्हा बसवता येतो, गेलेला माणूस परत येत नाही, हे ट्रॅक्टर चालवणाऱ्या घरातील प्रत्येकाला सांगून ठेवावे.