गाथेआधी भेटणारे तुकाराम : चित्रपटातून घडलेली संतप्रतिमा आणि तिचे वाचन

एखाद्या समाजाची सांस्कृतिक दैवते त्या समाजातील बहुसंख्य माणसांना मूळ ग्रंथातून भेटत नाहीत. ती कीर्तनातून, पोथीतून, चित्रांतून, नाटकातून भेटतात; आणि विसाव्या शतकात या साधनांत चित्रपटाची व दूरचित्रवाणीची भर पडली. अशा अप्रत्यक्ष परिचयाकडे साहित्याचे अभ्यासक सामान्यतः संशयाने पाहतात. मूळ संहिता ती खरी आणि बाकीचे सारे तिचे विकृतीकरण, अशी सरळ विभागणी केली जाते. ही विभागणी कितपत टिकते, हे तपासण्यासाठी मराठीत एक अतिशय उपयुक्त उदाहरण उपलब्ध आहे. ते म्हणजे प्रभात फिल्म कंपनीचा १९३६ मधील ‘संत तुकाराम’ हा चित्रपट.

विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात विष्णुपंत पागनीस यांनी तुकारामांची, तर गौरी यांनी जिजाईची भूमिका केली. कथा शिवराम वाशीकर यांची, संगीत केशवराव भोळे यांचे आणि नवी गीते शांताराम आठवले यांची होती. १९३७ मध्ये व्हेनिस येथील चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ मध्ये सुरू झाल्यानंतर जुने मराठी चित्रपट घरात बसून पाहण्याची सोय झाली आणि चित्रपटगृहात तो कधीच न पाहिलेल्या पिढ्यांनाही हे तुकाराम परिचित झाले. गाथा हाती घेण्यापूर्वीच तुकारामांचा चेहरा आणि आवाज मनात ठरून गेलेला असणे, ही अनेक मराठी वाचकांची स्थिती आहे. वाङ्मयीन आस्वादाच्या दृष्टीने या स्थितीचे परिणाम कोणते, हा येथील प्रश्न आहे.

१. परंपरेतील अप्रत्यक्षता

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, तुकारामांचा परिचय चित्रपटापूर्वीही अप्रत्यक्षच होता. तुकारामांचे निर्याण १६५० च्या सुमाराचे. त्यांचे सविस्तर चरित्र सांगणाऱ्या महिपतींचा ‘भक्तविजय’ १७६२ मधील आणि ‘भक्तलीलामृत’ १७७४ मधील आहे. म्हणजे चरित्रनायक आणि चरित्रकार यांच्यात शंभरांहून अधिक वर्षांचे अंतर आहे. गाथेची अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेली, सरकारी साहाय्याने निघालेली मुद्रित आवृत्ती तर १८६९ ते १८७३ या काळातील आहे. साडेचार हजारांच्या आसपास अभंगांचे हे भांडार त्यापूर्वी वह्यांतून, वारीतून आणि कीर्तनकारांच्या मुखातून जिवंत राहिले. वारकऱ्यांच्या दृष्टीने ‘ऐकलेले तुकाराम’ हेच मुळातले तुकाराम होते.

त्यामुळे अप्रत्यक्षता हा चित्रपटाचा दोष ठरत नाही. प्रभातच्या कथाकारांनी महिपतींच्या परंपरेतीलच प्रसंग घेतले: वह्या इंद्रायणीत बुडवणे, शिवाजी महाराजांच्या नजराण्याचा अव्हेर, सदेह वैकुंठगमन. चित्रपट हा या अर्थाने चरित्रकथनाच्या परंपरेतील एक पुढचा टप्पा आहे. फरक आहे तो दुसरीकडे. कीर्तनकार बदलतो, त्याचे निरूपण बदलते, श्रोत्याच्या मनातील तुकारामही त्याबरोबर बदलत राहतात. चित्रपटाचे निरूपण मात्र एकदा झाले की कायमचे झाले. पागनीसांची मुद्रा, त्यांचा स्वर, त्यांची अर्धोन्मीलित दृष्टी दरवेळी तीच राहते. मौखिक परंपरेतील लवचीकता येथे संपते आणि एका निरूपणाला प्रमाणत्व येते.

२. सालोमालो : एका नावाचा विस्तार

हे प्रमाणत्व कसे काम करते, हे सालोमालो या व्यक्तिरेखेवरून दिसते. गाथेत हे नाव ओझरते येते. दुसऱ्याच्या कवितेवर आपली मुद्रा घालणारा म्हणून तुकारामांनी त्याचा उल्लेख केला आहे. चरित्रपरंपरेत तुकारामांच्या छळाचा मुख्य भार मंबाजी गोसावी यांच्यावर आहे आणि तुकारामांच्या शिष्या बहिणाबाई (१६२८–१७००) यांच्या आत्मपर अभंगांतून मंबाजींच्या वागणुकीला समकालीन साक्षही मिळते. चित्रपटात हा विरोध सालोमालोकडे सोपवण्यात आला. नाट्यदृष्ट्या ही योजना समर्थ आहे: काव्यचोर आणि छळक एकाच व्यक्तीत आल्याने संघर्षाला एक चेहरा मिळतो. परंतु तिचा परिणाम असा की सामान्य प्रेक्षकाच्या स्मरणात सालोमालो पक्का बसला आणि मंबाजी मागे पडले. ज्याची साक्ष समकालीन अभंगांत आहे तो विस्मृतीत जातो आणि ज्याचे केवळ नाव गाथेत आहे तो सजीव होतो, हे माध्यमाच्या सामर्थ्याचे लक्षण होय.

३. मुद्रेविना अभंग

अधिक बोलके उदाहरण एका गीताचे आहे. एका बीजापासून वृक्ष, वृक्षापासून कोट्यवधी फळे-फुले आणि अखेरीस पुन्हा एकच तत्त्व, असा आशय मांडणारे या चित्रपटातील गीत शांताराम आठवले यांनी लिहिले. पागनीसांच्या मुखातून ते तुकारामांचे म्हणून ऐकू येते. पुढे ते तुकारामांचाच अभंग म्हणून सर्वत्र प्रचलित झाले. जाणकारांचाही तसा समज झाल्याचे सांगितले जाते.

हा गैरसमज का झाला? त्या गीतात ‘तुका म्हणे’ ही मुद्रा नाही. संतकाव्यात कर्तृत्व निश्चित करण्याची परंपरेची स्वतःची खूण म्हणजे नाममुद्रा. त्या खुणेचा अभाव असूनही कर्तृत्व बहाल झाले, याचा अर्थ मुद्रेचे काम येथे आवाजाने आणि प्रसंगाने केले. पडद्यावरील तुकाराम जे गातात ते तुकारामांचे, असा नवा निकष नकळत रूढ झाला. आशयाकडे पाहिले असते तरी शंकेला जागा होती. गाथेत अद्वैताची भाषा निश्चितच आहे. परंतु भक्तीचे सुख टिकावे म्हणून देव आणि भक्त हे द्वैत राखण्याचा हट्टही तितकाच ठळक आहे. आठवल्यांच्या गीतातील शांत, निर्विवाद एकत्व त्या हट्टाच्या अलीकडे थांबते.

येथे एक विलक्षण उलटापालट दिसते. सालोमालोचा अपराध दुसऱ्याची रचना आपल्या नावावर खपवण्याचा. त्या अपराधाची कथा सांगणाऱ्या चित्रपटातच एका विनम्र कवीची रचना मूळ संतकवीच्या नावावर जमा झाली. कोणी लबाडी केली नाही. आठवले यांचे नाव गीतकार म्हणून जाहीरच होते. तरीही कवीचे श्रेय हरवले. गौरव म्हणून पाहिले तर गीतकाराला याहून मोठी पावती नाही. कर्तृत्वाचा न्याय म्हणून पाहिले तर ही उणीव भरून काढणे हे अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

४. जे पडद्यावर आले, जे गाथेत राहिले

चित्रपटाने काय दिले, हेही न्याय्यपणे नोंदवले पाहिजे. जिजाईची व्यक्तिरेखा हे त्याचे मोठे यश आहे. घरात धान्य नाही, मूल आजारी आहे, आणि नवरा विठ्ठलनामात दंग आहे. अशा वेळी देवाला जाब विचारायला निघालेली ही स्त्री भक्तीच्या कथेला संसाराचे वजन देते. गीता कपूर यांच्यासारख्या कलासमीक्षकांनी या चित्रपटाची गंभीर चिकित्सा केली आहे, तीही त्याच्या अंगच्या गुणांमुळेच.

परंतु पागनीसांचे तुकाराम मुख्यतः सौम्य, प्रसन्न आणि क्षमाशील आहेत. गाथेतील तुकाराम तसेही आहेत. शिवाय ते संतप्त आहेत, दांभिकांवर कोरडे ओढणारे आहेत, देवाशी भांडणारे आहेत आणि स्वतःच्या मनाची निर्दय झाडाझडती घेणारे आहेत. दुष्काळ, पहिल्या पत्नीचा अन्नावाचून झालेला अंत, व्यापारातील दिवाळे हा आत्मपर अभंगांतून कळणारा अनुभव त्या प्रखरतेच्या मुळाशी आहे. १९३६ च्या चित्रपटाचा भर या पूर्वायुष्यावर नाही. चंद्रकांत कुलकर्णी दिग्दर्शित २०१२ मधील ‘तुकाराम’ या चित्रपटाने ते विस्ताराने हाताळले, यावरून प्रत्येक पिढी आपल्या गरजेचे तुकाराम निवडते हेच दिसते. दिलीप चित्रे यांचे ‘पुन्हा तुकाराम’ (१९९०) आणि सदानंद मोरे यांचे ‘तुकाराम दर्शन’ (१९९६) या ग्रंथांनी प्रस्थापित प्रतिमेपलीकडे जाण्याचे काम वाङ्मयाच्या क्षेत्रात केले.

५. समारोप

या विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. चित्रपटातून झालेला परिचय हा खोटा परिचय नव्हे. महिपतींपासून चालत आलेल्या कथनपरंपरेचाच तो वारसदार आहे आणि अनेकांच्या बाबतीत गाथेकडे जाण्याची पहिली वाटही तीच आहे. मात्र ही वाट आहे, मुक्काम नव्हे, याचे भान सुटले की वाचक गाथेतही पागनीसांचाच स्वर ऐकत राहतो आणि त्या स्वरात न बसणारे अभंग त्याच्या कानांवरून निसटून जातात. वर्गात गाथा शिकवताना म्हणूनच विद्यार्थ्यांच्या मनातील चित्रपट पुसून टाकण्याचा आग्रह व्यर्थ आहे. तो चित्रपट समोर ठेवावा, त्यातील कोणते शब्द तुकारामांचे आणि कोणते आठवल्यांचे हे विद्यार्थ्यांकडूनच शोधून घ्यावे, आणि ‘तुका म्हणे’ ही मुद्रा जेथे आहे तेथे ती काय म्हणते आहे, हे त्यांना पुन्हा नव्याने ऐकू द्यावे. गाथेचे वाचन तेथून सुरू होते.