शिवराई ओळखताना

माझ्या रूममेटच्या पौडच्या आजीने देव्हाऱ्यातलं तांब्याचं नाणं त्याला दिलं. "महाराजांची शिवराई आहे, जप." पठ्ठ्या अर्धं लिंबू घेऊन ते चकाकवायला बसला होता. मी आधी लिंबू काढून घेतलं. जुनं नाणं घासू नये. वरचा थर जातो आणि अक्षरंही झिजतात.

मग वाचन. मी कॉन्व्हेंटवाला, अक्षरं लावायला वेळ लागला. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. चकती बहुधा ठशापेक्षा लहान असायची, म्हणून पूर्ण मजकूर क्वचितच दिसतो.

पण मित्रहो, नाव महाराजांचं म्हणून नाणं १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळचंच असं नाही. पेशवाईतही याच नावाने शिवराया पाडल्या जात. त्यातल्या 'दुदांडी'वर मजकुराच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असतात, आणि वजनही सहसा कमी भरतं. आमच्या नाण्यावर रेघा स्पष्ट होत्या. केमिस्ट्री लॅबच्या काट्यावर भरलं ८.९ ग्रॅम.

वहीत वजन, व्यास, दोन्ही बाजूंचा मजकूर आणि नाणं कुठून आलं, सगळं लिहिलं. 'शिवकालीन' खोडून 'दुदांडी' केलं. रूममेटचं तोंड उतरलं. आजीला सांगायचं की नाही, यावर रात्री दोनपर्यंत वाद चालला. नाणं मात्र रविवारी परत देव्हाऱ्यात गेलं.