शब्दकूट कसें सोडवावें

आडव्या-उभ्या चौकोनांचें इंग्रजी शब्दकोडें आर्थर विन यांनीं १९१३ सालीं 'न्यूयॉर्क वर्ल्ड' पत्रांत प्रथम दिलें. पुढें इंग्लंडांत त्याचें कूट झालें. १९३९ पासून १९७१ पर्यंत 'ऑब्झर्व्हर' पत्रांत 'झिमेनीझ' या टोपणनांवानें कूटें रचणारे मॅकनट हे व्यवसायानें शाळाशिक्षक होते. रचणाऱ्यानें चकवावें, पण अन्याय करूं नये, हा त्यांचा दंडक.

सूचनेच्या एका टोंकास बहुधा उत्तराचा अर्थ असतो. उरलेल्या भागांत त्याच्या अक्षरांची घडण असते. 'पर्लमध्यें वसणारें इंद्रिय' ही सूचना घ्या. पर्लच्या इंग्रजी अक्षरांत 'इअर', म्हणजे कान, ओळीनें सांपडतो. 'सायलेंट विस्कटतांच लक्षपूर्वक ऐका' येथें तींच सहा अक्षरें फिरवून 'लिसन' होतें. दोहोंत श्रवणाचा विषय दिसला, कीं इतर उत्तरांविषयीं तर्क करणें सुलभ जातें.

परंतु तर्क म्हणजे पुरावा नव्हे. विषयाच्या मोहानें आम्हीं एकदां एक शब्द शाईनें लिहिला. त्यानें छेदणारे चार शब्द अडविले, आणि आम्ही तासभर त्या चौघांनाच दोष देत बसलों! म्हणून शिसपेन्सिलीनें लिहावें, सूचनेच्या दोन्ही अंगांनीं पडताळावें, आणि चूक कळतांच खोडण्यास लाजूं नये.