कोसळणारा कंटेनर आणि पुनरारंभाची तजवीज

प्रश्न : कुबरनेटिसवरील आमचा कंटेनर रात्री पडतो, आपोआप उठतो, पुन्हा पडतो. पुनरारंभाची व्यवस्था कशी लावावी?

उत्तर : व्यवस्था आपल्याकडे हजरच आहे, कारण पॉडच्या मसुद्यात 'रीस्टार्ट-पॉलिसी' या कलमापुढे काहीच लिहिले नसले, तर 'ऑल्वेज' हाच हुकूम गृहीत धरला जातो, आणि कंटेनर कोणत्याही कारणाने संपला तरी क्युबलेट नावाचा त्या यंत्रावरील कारभारी त्यास पुन्हा कामावर रुजू करतो. पतन वारंवार घडू लागले, की मूळ मांडणीत 10, 20, 40 सेकंद असा दुपटीने वाढणारा विलंब तो लावतो, 5 मिनिटांवर ही वाढ थांबवतो, आणि कंटेनर 10 मिनिटे सुरळीत चालला म्हणजे मागील हिशेब पुसून टाकतो. एकदाच करून संपवावयाच्या जॉबला मात्र 'ऑन-फेल्युअर' किंवा 'नेव्हर' यांपैकीच एक द्यावे लागते.

तेव्हा कलम बदलण्यापूर्वी मृत कंटेनरची कैफियत वाचावी : 'क्युबसीटीएल लॉग्ज' या आज्ञेस 'प्रीव्हियस' जोडल्यास ती मिळते. निर्गम-संकेत 137 असेल, तर तो 128 अधिक 9, म्हणजे प्रक्रिया बळाने मारली गेली, आणि बहुधा स्मृतीची मर्यादा ओलांडल्यामुळेच.

दुसरा संशयित 'लाइव्हनेस प्रोब'. माझाच एक संथ प्रारंभाचा प्रोग्राम या तपासनिसाने, तो जागा होण्याआधीच मृत ठरवून, सकाळपर्यंत अनेकवार मारला होता. 'स्टार्टअप प्रोब' जोडून त्यास पुरेशी मुदत दिली, तेव्हा तो निमूटपणे चालू लागला.