माउसचे चाक

संगणकावर लांबलचक मजकूर वाचताना तुम्ही माउसच्या दोन बटणांमधले छोटे चाक बोटाने फिरवता. चाक फिरले की पान वर-खाली सरकते. पण चाक फिरले आणि पान जागचे हललेच नाही तर? तुम्ही म्हणाल, "माउस बिघडला!" थांबा. आधी ही हकिकत वाचा.

२००३ साली मी आठवीत होतो. आमच्या शाळेतील एक संगणक लिनक्सवर चालत असे. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सची सुरुवात केली. ते कोणालाही विनामूल्य वापरता येते. त्यात बदलही करता येतो.

एके दिवशी सरांनी त्या संगणकाला चाकाचा नवा माउस जोडला. पहिला नंबर माझा होता. मी चाक फिरवले, पण पान हलेना. मुले ओरडली, "सर, याने माउस बिघडवला!" माझा चेहरा उतरला. भरपाई मागितली तर घरी काय सांगायचे, या काळजीने मला रडू आले.

सर रागावले नाहीत. त्यांनी संगणक बंद केला, माउस काढला आणि शेजारच्या विंडोज असलेल्या संगणकाला लावला. तेथे चाक उत्तम चालले! सर म्हणाले, "दोष माउसचा नाही आणि या मुलाचाही नाही. आता खरे कारण शोधू."

मग त्यांनी आम्हांला समजावून सांगितले. जुन्या पद्धतीचा माउस आपली बातमी तीन बाइटांत पाठवतो. पहिल्यात बटणांची, दुसऱ्यात आडव्या हालचालीची आणि तिसऱ्यात उभ्या हालचालीची माहिती असते. चाकासाठी चौथा बाइट लागतो. पण चाकाचा माउसही सुरुवातीला जुन्याच पद्धतीने बोलतो. संगणकाने त्याला २००, १००, ८० हे आकडे याच क्रमाने पाठवले, की त्याला खूण पटते. मग तो चौथा बाइट पाठवू लागतो. आमच्या संगणकाने ही खूण दिलीच नव्हती. सर हसून म्हणाले, "जे कोणी विचारलेच नाही, ते तो सांगणार कसे?"

लिनक्समध्ये ही माहिती एक्सएफ८६कॉन्फिग नावाच्या फाइलमध्ये लिहिलेली होती. सरांनी प्रथम त्या फाइलची नक्कल करून ठेवली. चूक झाली तर जुनी फाइल परत आणता यावी, म्हणून. नंतर माउसच्या भागात प्रोटोकॉलपुढे 'पीएस/२' होते, तेथे 'आयएमपीएस/२' लिहिले. खाली 'झेड-अ‍ॅक्सिस-मॅपिंग ४ ५' ही ओळ वाढवली. तिचा अर्थ असा : चाक वर फिरले तर चौथे बटण दाबले असे समजावे, खाली फिरले तर पाचवे. संगणक पुन्हा सुरू झाला. सर मला म्हणाले, "ये, तूच फिरव." मी भीत भीत चाक फिरवले. पान सरसर खाली सरकले!

आज हे सारे करावे लागत नाही. यूएसबी माउस जोडताच स्वतःची ओळख सांगतो आणि लिनक्स त्याचे चाक आपोआप ओळखते. पण सरांची रीत जुनी झालेली नाही. वस्तू चालत नसेल, तर ती फेकू नका आणि कोणावर आळही घेऊ नका. आधी तपासा, नक्कल ठेवा, मगच बदल करा.

शब्दार्थ
विनामूल्य – मुफ्त
भरपाई – नुकसानाचा मोबदला
खूण – निशाणी, इशारा
आळ – इल्जाम
रीत – तरीका

स्वाध्याय
१. लेखकाला रडू का आले?
२. माउस चांगला आहे हे सरांनी कसे ओळखले?
३. फाइल बदलण्यापूर्वी सरांनी काय केले? का?
४. वाक्यात उपयोग करा : चेहरा उतरणे, खूण पटणे, आळ घेणे.
५. तुमच्या घरातील बंद पडलेल्या एखाद्या वस्तूचे कारण तुम्ही कसे शोधाल, ते पाच ओळींत लिहा.